ई-मेल कार्यक्रमाची सुधारणा : वापरणाऱ्यांच्या सूचना आणि पूरकांची जोड

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांपैकी एक शिरूर कासार. शिरूर नावाचा तालुका पुणे जिल्ह्यातही आहे आणि शिरूर अनंतपाळ हा तालुका लातूर जिल्ह्यात आहे. आष्टीचेही तसेच. एक आष्टी बीड जिल्ह्यात, तर दुसरी वर्धा जिल्ह्यात. कागदी टपालाच्या काळात पाकिटावर तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहिण्याची शिस्त होती. त्यामुळे नामसाम्याचा फारसा उपद्रव होत नसे. ई-मेल लिहिताना मात्र नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाकताच संगणक जुळणारे पत्ते स्वतःहून सुचवितो. घाईत चुकीच्या ओळीची निवड झाली की पत्र क्षणार्धात दुसऱ्याच शिरूरला पोचते. पाठविणाऱ्याच्या दप्तरी ते रवाना झालेले असते आणि ज्याला हवे त्याच्या हाती ते पडलेले नसते.

ही चूक दिसते तेवढी क्षुल्लक नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्यात येते, जेणेकरून नव्या ठिकाणच्या शाळेत त्यांना बसता यावे. या मुलांच्या याद्या, वसतिगृहांचे प्रस्ताव, शाळाशाळांतील कळवाकळव ही सारी कामे मुदतीची असतात. एखादी यादी चुकीच्या पत्त्यावर गेली किंवा पत्र गेले पण यादी जोडायची राहिली, तर मध्ये जाणारे आठ दिवस हे त्या मुलाच्या शिक्षणातून वजा होणारे दिवस असतात. शिवाय मुलांची नावे परक्या हाती पडतात, ते वेगळेच.

अशा अडचणी दूर कशा होतात? त्या दूर करण्याचे काम कार्यक्रम लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ई-मेलचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. या क्षेत्रातील अनेक उपयुक्त सुधारणांचा आरंभ रोज पत्रे लिहिणाऱ्या माणसाला जाणवलेल्या अडचणीतून झाला आहे.

पूरक म्हणजे काय?

संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठविण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केला. त्यानंतर ई-मेल वाचण्या-लिहिण्यासाठी अनेक कार्यक्रम तयार झाले. परंतु कोणताही एक कार्यक्रम सर्वांच्या सर्व गरजा भागवू शकत नाही. वकिलाची गरज एक, शाळेची दुसरी, पंचायत समितीची तिसरी. सर्वांच्या सोयी एकाच ठिकाणी भरल्या तर कार्यक्रम अवजड होतो आणि नवशिक्याला त्यात वाट सापडत नाही.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘ॲड-ऑन’ किंवा पूरक. मूळ कार्यक्रमाला बाहेरून जोडता येणारा आणि नको असल्यास काढून टाकता येणारा हा छोटा कार्यक्रम असतो. ट्रॅक्टरचे उदाहरण घेता येईल. ट्रॅक्टर एकच, पण त्याला नांगर, पेरणी यंत्र किंवा ट्रॉली यांपैकी हंगामाला लागेल ते अवजार जोडता येते. अवजार बदलले म्हणून इंजिन बदलावे लागत नाही. मात्र जोडणीची जागा ठरावीक मापाची असावी लागते. पूरकांच्या बाबतीतही हे माप महत्त्वाचे आहे.

पूरकाकडून मूळ कार्यक्रमाकडे

‘थंडरबर्ड’ हा ई-मेलचा विनामूल्य व मुक्त कार्यक्रम या अभ्यासासाठी सोयीचा आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यात दिनदर्शिका नव्हती. बैठकीचे निमंत्रण ई-मेलने यायचे आणि तारीख मात्र वेगळ्या वहीत टिपावी लागायची. ही उणीव ‘लायटनिंग’ नावाच्या पूरकाने भरून काढली. त्याची उपयुक्तता पटल्यावर २०१५ पासून ते मूळ कार्यक्रमासोबतच दिले जाऊ लागले. पत्रातील मजकूर कुलूपबंद करून पाठविण्याची सोय ‘एनिग्मेल’ या पूरकाने अनेक वर्षे पुरविली. २०२० च्या आवृत्तीपासून ती सोय मूळ कार्यक्रमातच आली.

जोडपत्र विसरण्याची चूक तर प्रत्येक कार्यालयाच्या परिचयाची. ‘सोबत यादी जोडली आहे’ असे लिहायचे आणि यादी जोडायचीच नाही! यावरील उपाय साधा आहे. पत्रात जोडपत्राचा निर्देश करणारा शब्द असेल आणि प्रत्यक्षात काही जोडलेले नसेल, तर पत्र जाण्यापूर्वी कार्यक्रम पाठविणाऱ्याला आठवण देतो. थंडरबर्डमध्ये ही सोय मुळातच आहे. विशेष म्हणजे कोणते शब्द पाहायचे त्यांची यादी वापरणाऱ्याला वाढविता येते. ‘सोबत’, ‘संलग्न’, ‘सहपत्र’, ‘जोडपत्र’ हे आपल्या पत्रव्यवहारातील शब्द त्यात घालता येतात. ‘जोडले आहे’, ‘जोडली आहे’ अशी वेगवेगळी रूपे स्वतंत्रपणे घालणे इष्ट.

जीमेलमध्येही असाच अनुभव आला. २००८ साली तेथे प्रायोगिक सोयींचा एक विभाग उघडण्यात आला. पाठविलेले पत्र मागे घेण्याची सोय त्यात २००९ साली परीक्षणासाठी ठेवली गेली आणि २०१५ साली ती कायम झाली. या सोयीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. गेलेले पत्र कोणालाही परत आणता येत नाही. कार्यक्रम एवढेच करतो, की ‘पाठवा’ म्हटल्यावरही पत्र काही सेकंद आपल्यापाशी थांबवून ठेवतो. हा अवधी पाचपासून तीस सेकंदांपर्यंत ठेवता येतो. चूक बहुधा पत्र सुटल्यावर पुढच्याच क्षणी लक्षात येते, या मनुष्यस्वभावाच्या निरीक्षणावर ही सोय उभी आहे. अशी निरीक्षणे प्रत्यक्ष काम करणाऱ्यापाशीच असतात.

मराठीच्या गरजा

मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या काही गरजा इतरांहून वेगळ्या आहेत आणि त्या इतर कोणी सांगणार नाही. ‘घर’ या एका शब्दापासून ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराच्या’, ‘घरासमोरील’ अशी कितीतरी रूपे होतात. शब्दांची नुसती यादी देऊन शुद्धलेखन तपासता येत नाही. प्रत्यय लागण्याचे नियमही संगणकाला शिकवावे लागतात. हंगेरीच्या भाषेपुढेही हीच अडचण होती. तिच्यासाठी तयार झालेल्या ‘हुनस्पेल’ या तपासनीस कार्यक्रमात शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळे ठेवलेले असतात. ही रचना मराठीलाही मानवते. तीवर आधारलेले मराठी शब्दकोश फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या कार्यक्रमांसाठी पूरकरूपाने उपलब्ध झाले. थंडरबर्डही हीच हुनस्पेल पद्धती वापरतो.

तरीही ‘वडवणी’ किंवा ‘नेकनूर’ हे शब्द कोशात नसतील, तर ते अशुद्ध समजून त्यांखाली लाल रेघ उमटते. वापरणारा तो शब्द आपल्या संगणकावरील कोशात घालतो आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. शेजारच्या टेबलावर मात्र तो तसाच राहतो. जिल्ह्यातील गावांच्या नावांची शुद्ध यादी शब्दकोश करणाऱ्यांकडे एकदा पोचली, तर ते श्रम सर्वांचे वाचतील.

दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी ‘अ’ वर चिन्ह देऊन ते लिहिले जाई आणि आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती निराळी वाटू शकतात. म्हणून जुन्या पत्रांत एखादा शब्द शोधला असता पत्र असूनही सापडत नाही. ‘अंबाजोगाई’ आणि ‘आंबेजोगाई’ या दोन लेखनांमुळेही हाच घोटाळा होतो. शोध घेताना अशी पर्यायी रूपे एकच मानावीत, ही मराठी वापरणाऱ्याने करण्याजोगी सूचना आहे.

सूचना कशी लिहावी?

‘हा कार्यक्रम नीट चालत नाही’ ही तक्रार झाली, सूचना नव्हे. थंडरबर्डच्या निर्मात्यांकडे ‘बगझिला’ नावाची नोंदवही १९९८ पासून वापरात आहे. आपल्या कार्यालयातील आवक नोंदवहीप्रमाणे तीत प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो, ती कोणाकडे आहे हे लिहिले जाते आणि एकाच विषयाच्या नोंदी एकत्र केल्या जातात. अशा ठिकाणी मोघम मजकुराचा उपयोग होत नाही. चांगल्या सूचनेत चार गोष्टी असाव्यात : काम कोणते, सध्या काय घडते, काय घडावे आणि काय बिघडू नये. आरंभी दिलेल्या उदाहरणावरून नमुना असा होईल :

काम : तालुक्यांच्या शिक्षण कार्यालयांना मुलांच्या याद्या पाठविणे.
सध्या काय घडते : ‘शिरूर’ लिहिताच एकाच नावाच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतील कार्यालयांचे पत्ते एकाखाली एक येतात, जिल्हा दिसत नाही.
काय घडावे : पत्त्यासोबत जिल्ह्याचे नाव दिसावे, नेहमीच्या यादीबाहेरचा पत्ता असल्यास पत्र जाण्यापूर्वी विचारणा व्हावी.
काय बिघडू नये : रोजच्या प्रत्येक पत्राला विचारणा होऊ नये, नाहीतर ती न वाचताच पुढे जाण्याची सवय लागेल.

यातील चौथा मुद्दा बहुधा राहून जातो. वस्तुतः सूचनेचे मोल त्यावरच ठरते. तसेच ‘येथे एक बटण द्या’ असे सांगण्यापेक्षा गरज सांगणे अधिक हिताचे. गरज नेमकी मांडली की कधी कधी उपाय हाताशीच असल्याचे आढळते. पत्त्यांच्या वहीत ‘शिरूर कासार, जिल्हा बीड, गटशिक्षणाधिकारी’ असे पूर्ण नाव नोंदविले आणि अकरा तालुक्यांचा एक गट करून ठेवला, तर निम्मी अडचण नव्या पूरकाविनाच दूर होते. उरलेल्या निम्म्यासाठी सूचना पाठवावी.

दक्षतेच्या बाबी

पूरक जोडणे म्हणजे आपल्या दप्तराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होय. जोडताना ते कोणकोणती परवानगी मागते, हे वाचले पाहिजे. तयार मजकूर घालून देणाऱ्या पूरकाने सर्व पत्रे वाचण्याची परवानगी मागितली, तर ती कशासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पूरक अधिकृत भांडारातूनच घ्यावे आणि शासकीय संगणकावर संगणक व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय ते जोडू नये.

पूरके पुष्कळदा एखादी व्यक्ती फावल्या वेळात सांभाळीत असते. थंडरबर्डच्या २०१९ व २०२० च्या आवृत्त्यांत जोडणीचे माप बदलले, तेव्हा जुन्या धाटणीची पूरके चालेनाशी झाली. ज्यांचे कर्ते हजर होते त्यांनी ती नव्याने लिहिली. बाकीची मागे पडली. यास्तव मुदतीचे महत्त्वाचे काम केवळ एखाद्या पूरकावर विसंबून ठेवू नये. पूरकाची मर्यादाही जाणून घ्यावी. थंडरबर्डमध्ये ठरावीक वेळी पत्र पाठविणारे ‘सेंड लेटर’ हे पूरक घेतले, तरी त्या वेळी संगणक आणि कार्यक्रम दोन्ही चालू असावे लागतात. वीज गेली तर पत्र जागच्या जागी राहील.

सूचना पाठवितानाही एक पथ्य पाळावे. अडचण दाखविण्यासाठी पडद्याचे चित्र जोडताना त्यात मुलांची नावे, आधार क्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक दिसता कामा नयेत. काल्पनिक नावांची नमुना यादी त्यासाठी पुरेशी असते.

नोंदवहीपासून आरंभ

प्रत्येक पंचायत समितीत, केंद्रशाळेत आणि ग्रामपंचायतीत संगणकाजवळ एक साधी वही ठेवता येईल. कोणते पत्र चुकले, कोणते उशिरा सापडले, कोठे जोडपत्र राहिले, हे तारखेनिशी तीत लिहावे. कोणाची चूक हे लिहिण्याचे कारण नाही. चूक कशी घडली हे लिहावे. तीन महिन्यांनी केंद्रस्तरावरील बैठकीत ही वही वाचली, तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आपोआप पुढे येतील. त्यांपैकी काही कामाची पद्धत बदलून सुटतील, काही उपलब्ध सोयी समजून घेतल्याने सुटतील आणि थोड्या उरतील त्या सूचनेच्या रूपाने कार्यक्रम करणाऱ्यांकडे पाठविता येतील.

दूरच्या देशात बसून ई-मेलचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला महाराष्ट्रात शिरूर किती आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातील मुलाची यादी कोणत्या तारखेपूर्वी पोचली पाहिजे, हेही त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते सांगण्याचे काम ज्याच्या टेबलावर ती यादी आहे त्याचे आहे.