गोंगाटांतील गणित

संगीत हें ईश्वरी देणें आहे, असें वाक्य आपण निबंधांत नेहमीं लिहितों. परंतु ज्या संगीताची आपणांस सवय नाहीं तें कानीं पडलें कीं, त्यास गोंगाट म्हणून मोकळे होतों. अशाच एका गोंगाटाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यास प्रोग्रेसिव्ह मेटल असें म्हणतात. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशास, अशी शंका कित्येक पालकांच्या मनांत येईल. २०१९ सालच्या नाताळापूर्वीं ती माझ्याहि मनांत आली असती.

त्या वर्षीं नोव्हेंबरअखेर पुण्यास एनएचसेव्हन वीकेंडर नांवाच्या संगीतोत्सवांत स्वीडन देशांतील ओपेथ हा वाद्यवृंद आला होता. माझा भाचा तेव्हां पुण्यास शिकत होता. त्यानें खानावळीचे पैसे तिकिटास घातले आणि पुढें महिनाभर एक वेळ जेवून दिवस काढले. हें घरीं कळलें तेव्हां बहिणीनें त्यास सुटींत माझ्याकडे, वरवट बकाल येथें, धाडून दिलें. "याचें डोकें ठिकाणावर आण," असा निरोप सोबत होता. शेगांव स्टेशनावर तो उतरला तेव्हांहि त्याच्या कानांत इअरफोन होते. घरीं येतांच मीं ते काढून घेऊन कपाटांत ठेविले. वडीलधाऱ्यानें अशा वेळीं जें करावयाचें असतें तेंच आपण केलें, असें मला वाटलें.

चौथ्या दिवशीं तो ओसरीवर बाजेवर बसून तिच्या लाकडावर बोटांनीं कांहीं वाजवीत होता. मी भजनी मंडळांत झांज वाजवितों, तेवढा कान तयार आहे. मीं मनांत मोजलें. पांच, मग सात. पुन्हां पांच, पुन्हां सात. एकदांहि चूक नाहीं. "काय रे, हा कोणता ताल?" मीं विचारिलें. तो म्हणाला, "मामा, तालाचें नांव मला ठाऊक नाहीं. हें स्किझम आहे." मीं कपाट उघडून इअरफोन आणिले, एक त्याच्या कानांत दिला व दुसरा माझ्या कानांत घातला.

'स्किझम' हें अमेरिकेंतील टूल या वाद्यवृंदाचें २००१ सालचें गीत. त्याच्या मुख्य चरणांत पांच आणि सात मात्रांचे तुकडे आळीपाळीनें येतात. बेरीज बारा. आपल्या एकतालाच्या मात्राहि बाराच. परंतु एकतालांत त्यांचे दोन-दोनांचे सहा सारखे विभाग पडतात आणि येथें दोन असमान तुकडे पडतात. म्हणून सवय नसलेला श्रोता पायानें ठेका धरूं लागला कीं पाय चुकतो, आणि पाय चुकला कीं तो रागावतो. आवाजाची तक्रार पुष्कळदां या चुकलेल्या पायाची तक्रार असते, असें माझें मत झालें आहे.

या संगीताचें मूळ पाहूं गेल्यास तें एका कारखान्यांत सांपडतें. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरीं टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, हलक्या तारा लाविल्या, आणि पुढें तारा ढिल्या करून वाद्याचा स्वरच खालीं उतरविला. त्या उतरविलेल्या स्वराला जें वजन आलें तेंच या प्रकारचें लक्षण होऊन बसलें. त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली.

तिच्या पहिल्याच गीतांत एक स्वरांतर पुन्हां पुन्हां येतें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपांतील जुने गायक तें टाळीत आणि पुढें त्यास सैतानाचें नांवहि चिकटलें. चर्चनें त्यावर बंदी घातली होती असें जें सांगतात ती मात्र दंतकथा होय. आपल्याकडे यमन शिकावयास बसलेलें लहान मूल हाच मध्यम रोज सायंकाळीं तंबोऱ्याच्या षड्जावर लावितें, आणि कोणासहि सैतान दिसत नाहीं. चाल कोठून आली यावरून तिची योग्यता ठरत नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती भक्तिगीतें अभंगाच्या छंदांत रचिलीं. आज तीं आपल्या उपासनेंत परकीं वाटत नाहींत.

आतां 'प्रोग्रेसिव्ह' या विशेषणाकडे वळूं. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्यें किंग क्रिमझन, येस, जेनेसिस या मंडळींनीं तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून दीर्घ रचना करावयास आरंभ केला. कॅनडांतील रश यांनीं १९७६ सालीं तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेस दिली. हा विस्तार आणि तें लोखंडी वजन यांचा संयोग पुढें झाला. १९८५ सालीं बोस्टन येथील बर्कली या संगीतविद्यालयांतील तीन विद्यार्थ्यांनीं जो वाद्यवृंद उभा केला तो पुढें ड्रीम थिएटर या नांवानें प्रसिद्ध झाला. १९९९ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेंत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कथा आहे. कीर्तनांत उत्तररंगांत आख्यान लागतें तसाच हा प्रकार. त्याच मुद्रिकेंत 'द डान्स ऑफ इटर्निटी' नांवाची केवळ वाद्यांची रचना आहे. सुमारें सहा मिनिटांत तींत मात्रांची मोजणी शंभराहून अधिक वेळां बदलते.

एवढें सर्व पाठ कसें रहात असेल? याचें उत्तर आपल्या तबल्याच्या वर्गांत आहे. एकल तबला चालतो तेव्हां पेटीवर एक लहानशी सुरावट सारखी फिरत असते. तिला आपण लेहरा म्हणतों. मेटलमधील रिफ म्हणजे गिटारवरील असाच एक लहान, पुन्हां पुन्हां येणारा तुकडा. फरक इतकाच कीं, लेहरा तबलजीस वाट दाखवितो आणि रिफ पुष्कळदां श्रोत्याची वाट मुद्दाम चुकवितो.

वाट चुकविण्यांत स्वीडनमधील मेशुगा यांचा हातखंडा आहे. ही मंडळी उमेओ शहरची. सहाऐवजीं आठ तारांच्या गिटारी वाजवितात. त्यांची युक्ति पाटीवर मांडून पहा. समजा, ढोल वाजविणाऱ्याचा एक हात झांजेवर चार-चार मात्रांचा नेम पाळीत आहे आणि गिटारचा तुकडा सात मात्रांचा आहे. दोघे एकदम निघाले तर पुन्हां एकदम केव्हां येतील? चार व सात यांचा लघुतम साधारण विभाज्य २८. म्हणजे एकोणतिसाव्या मात्रेस. पण बत्तीस मात्रांचें आवर्तन पुरें करावयाचें असल्यास सातांचे चार फेरे झाल्यावर चार मात्रा उरतात. तेथें ते पांचवा फेरा अर्ध्यावर कापतात आणि तेहतिसाव्या मात्रेस सर्वजण समेवर येतात. मधल्या काळांत श्रोत्यास जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि सम येतांच पाय टेकतात.

आपली तिहाईहि हेंच करते. तीनतालांत समेपासून पांच मात्रांचा तुकडा घ्या, एक मात्रा थांबा, पुन्हां पांच, पुन्हां एक, आणि पुन्हां पांच. बेरीज सतरा, म्हणजे तुकड्याची शेवटची मात्रा बरोबर पुढल्या समेवर. मैफलींत त्या क्षणीं मान डोलाविणारे आजोबा आणि मेशुगाच्या समेवर मान झटकणारा नातू, हे दोघेहि एकाच गोष्टीस दाद देत असतात. मानेच्या आरोग्याच्या दृष्टीनें आजोबांची पद्धत बरी.

विषम मात्रा आपणांस परक्या आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. रूपक सात मात्रांचा (तीन, दोन, दोन), झपताल दहांचा (दोन, तीन, दोन, तीन), धमार चौदांचा. गाणें न शिकलेल्यांनींहि मनाचे श्लोक म्हटलेले असतात. त्यांचें वृत्त भुजंगप्रयात. चार य-गण, प्रत्येक गण लघु-गुरु-गुरु, म्हणजे पांच मात्रांचा. समर्थांचा श्लोक म्हणणारें मराठी मूल पांचाच्या गतीनें चालावयास असें घरींच शिकतें. दिंडी वृत्तांत एका चरणाच्या एकोणीस मात्रा, त्याहि नऊ आणि दहा अशा विभागलेल्या. हीं वृत्तें परीक्षेपुरतीं घोकून सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांस मी दोष देत नाहीं. आम्ही तीं तशींच शिकवितों.

लघु-गुरूंचा हा धागा पार टूलपर्यंत पोंचतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रांची जागा लघु-गुरूंनीं किती प्रकारें भरतां येईल? करून पहा: पांच प्रकारें. पांच मात्रांची आठ प्रकारें, सहांची तेरा. प्रत्येक उत्तर मागील दोन उत्तरांची बेरीज असतें. हा नियम गुजरातेंतील जैन आचार्य हेमचंद्र यांनीं सुमारें ११५० सालीं सांगितला, आणि त्यांच्याहि पूर्वीं विरहांक या छंदःशास्त्रकारास तो अवगत होता. इटलींतील फिबोनाची याचा ग्रंथ १२०२ सालचा. जगांत या संख्यांस त्याचें नांव मिळालें. टूलच्या 'लॅटरलस' या गीतांत गायक जीं अक्षरें उच्चारतो तीं १, १, २, ३, ५, ८ अशा संख्येनें चढत जातात व पुन्हां उतरतात. भाच्यास फिबोनाची ठाऊक होता, हेमचंद्र ठाऊक नव्हता. मला हेमचंद्र ठाऊक होता, पण त्या संख्यांवर कोणी गाणें बांधील हें स्वप्नांतहि आलें नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रांत या संगीताची वस्ती मुख्यतः मुंबई-पुण्यास. १९८६ सालीं मुंबईंत इंडिपेन्डन्स रॉक हा उत्सव सुरू झाला. त्याचे मेळे धोबी तलावाजवळील रंगभवनांत भरत. पुढें रुग्णालयें व शिक्षणसंस्था यांच्या भोंवतालच्या शांतता-क्षेत्राचा नियम आला आणि तेथील जलसे थांबले. रुग्णाची झोंप आणि रसिकाचा आनंद यांत निवड करावयाची झाल्यास नियमाची बाजू मला पटते. तरी एक चांगलें खुलें नाट्यगृह सुनें पडलें याचें वाईट वाटतें. २००० सालीं मुंबईंतच डेमॉनिक रिझरेक्शन हा मेटलचा वाद्यवृंद निघाला. नांव ऐकून आईबाप दचकावेत असेंच आहे. परंतु त्यांची २०१७ सालची ध्वनिमुद्रिका म्हणजे विष्णूचे दहा अवतार. प्रत्येक अवतारास एक गीत. घोगऱ्या गर्जनेंत गाण्याची ही तऱ्हा मला अजून रुचत नाहीं. पण नरसिंहास ती शोभते, एवढें कबूल केलें पाहिजे. २०१२ सालीं पहिली मुद्रिका काढणाऱ्या स्कायहार्बरची गोष्ट निराळीच. गिटार दिल्लीच्या घरांत, गायक इंग्लंडांत, ढोल अमेरिकेंत, आणि संगणकावरून तुकडे पाठवून रचना पुरी झाली. ही हकीकत भाच्यानें मला दोनदां सांगितली. वरवटास बसूनहि हें करतां येईल, असें त्याच्या मनांत असावें.

सर्वच मेटल श्रवणीय आहे असें मी म्हणत नाहीं. पुष्कळांच्या बोटांत तयारी दांडगी आणि रस थोडा. तानांचा पाऊस पाडणाऱ्या आपल्याकडील गवयांविषयींहि हेंच म्हणतां येतें. कांहीं गीतांचे शब्द मुलांस योग्य नसतात. ते आधीं वाचून पहावे. खानावळीचे पैसे तिकिटास घालणें मला तेव्हांहि पटलें नव्हतें व आजहि पटत नाहीं. कानांची काळजी तर हवीच. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा कीं, ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तासांपेक्षां अधिक ऐकूं नये, आणि पुढें दर तीन डेसिबलांस हा काळ निम्मा करावा. म्हणजे १०० डेसिबलांस अवघीं पंधरा मिनिटें. इअरफोन पूर्ण आवाजावर ठेवल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि अंतःकर्णांतील नाजूक पेशी एकदां गेल्या कीं पुन्हां येत नाहींत. हें सांगितल्यावर भाच्यानें आवाज खालीं केला, आणि गंमत अशी कीं, त्यानंतर मलाहि गिटारचे दोन थर वेगळे ऐकूं येऊं लागले.

सुटी संपण्यापूर्वीं गुरुवारीं रात्रीं भजनास त्यास बरोबर नेलें. पखवाजावर गांवांतील एक वृद्ध आबा होते. त्यांचा हात साठ वर्षांचा. आठ मात्रांचा भजनी ठेका चालला होता. मीं माझी झांज भाच्याच्या हातीं दिली. थोडा वेळ तो सरळ वाजवीत राहिला. मग त्यानें दर सातव्या मात्रेनंतर एक जोराचा ठोका द्यावयास आरंभ केला. पहिला समेवर पडला, दुसरा आठव्या मात्रेवर, तिसरा पुढल्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर; दर आवर्तनास तो एक एक मात्रा अलीकडे सरकूं लागला. दोघे-तिघे मागें वळून पाहूं लागले. आबांच्या कपाळावर आठी चढली, पण हात हलला नाहीं. मी मनांत मोजीत होतों, आणि माझ्या तळहातास घाम सुटला होता. सात आवर्तनें झालीं, छपन्न मात्रा सरल्या, आणि सत्तावन्नाव्या मात्रेस झांज व पखवाज एकदम समेवर आले.

भजन थांबलें. आबांनीं पखवाज मांडीवरून खालीं न ठेवतां भाच्याकडे पाहिलें व म्हणाले, "अजून एकडाव वाजव बरं, पोरा. या खेपेस मी मोजतो."