घोड्यावर बसवण्याआधी

पुणे

चि. बबी,


छावणीतला तो घोडेवाला म्हणाला, "ताई, दोन महिने बसवा, पोरगं चालायला लागतंय बघा," आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. फोनवर मी हो-नाही काहीच बोलले नाही म्हणून तू रुसलीस. अगं, माझी नोकरी घाटी रुग्णालयात फिजिओथेरपी करण्यात गेली. असल्या गोष्टीला फोनवर पटकन होकार देववत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याचं बोलणं निम्मं खरं आहे. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, खाली-वर आणि डावी-उजवीकडे अशी तिन्ही अंगांनी हलते. वर बसलेल्याची कंबरही तशीच हलते. आपण पायी चालताना आपली कंबर जशी हलते, जवळपास तशीच. तुझ्या लेकाच्या कमरेला हा अनुभव अजून मिळालेलाच नाही. घोड्यावर प्रत्येक पावलाला त्याचं धड थोडं कलणार, आणि न सांगता तो ते सावरणार. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं. त्या उबेवर मांड्या फाकून बसलं की आवळलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल होतात.

अमेरिकेतला एक छोटा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. तुझ्या लेकासारखीच सेरेब्रल पाल्सीची पंधरा मुलं होती. काहींना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना तेवढाच वेळ नुसत्या पिंपावर. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू नंतर अधिक समसमान काम करू लागले. पिंपावरच्यांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे काम करते ती घोड्याची चाल. उभ्या घोड्यावर बसवून फोटो काढण्याने काही साधत नाही, आणि दुडक्या चालीने हिसकेच बसतात.

पण हा परिणाम आठ मिनिटांनंतर लगेच मोजलेला. पुढचे बहुतेक अभ्यास लहान-लहान आहेत. बसण्याचा तोल, धड सावरणं यात काही मुलांना फायदा दिसतो, तो किती टिकतो यावर एकमत नाही. मेंदूला झालेली इजा घोडा भरून काढत नाही. चालायला लागेलच, असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

लिस हार्टेलची गोष्ट तुला कुणीतरी पाठवलीच असेल. डेन्मार्कची ही बाई, 1944 साली पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय गेले. घोड्यावर चढायला-उतरायला माणसं लागत. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि 1956 साली पुन्हा. ही गोष्ट सांगणारे एक विसरतात: ती आजाराआधीच पट्टीची घोडेस्वार होती, आणि पदकं मिळाली तरी पाय परत आले नाहीत. तिला हवी होती ती घोडेस्वारी, ती मिळाली. तुझ्या लेकाला नुसती मजा म्हणून रपेट हवी असेल तर तेही चांगलंच आहे, बाई. त्याच्या आयुष्यात सगळंच उपचार म्हणून का असावं? पण उपचार म्हणून करायचं तर शेजारी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवाच. काय साधायचं, कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवायचं, मोतद्दाराने नव्हे.

सगळ्यात आधी कमरेच्या दोन्ही सांध्यांचा एक्स-रे काढ. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये खुब्याचं हाड हळूहळू खोबणीतून सरकतं आणि कित्येकदा दुखतही नाही. सरकलेल्या खुब्यावर मांड्या फाकवणं म्हणजे आगीत तेल. फिट्स येत असतील तर त्या ताब्यात आहेत का हे डॉक्टरांना विचार. तुझ्या मैत्रिणीची डाऊन सिंड्रोमची मुलगी आहे ना, त्या मैत्रिणीला सांग की मानेची तपासणी झाल्याशिवाय मुळीच नको. त्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. आणि लेकाचा पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर राहिला असेल तर देऊन घे, घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात.

आता घोडा. त्या माणसाचा घोडा वरातीचा आहे, असं तूच म्हणालीस. तो ढोल-ताशाला बुजत नाही हे खरं, पण ताशा वाजला की पुढचे पाय उचलायला त्याला शिकवलेलं असतं. आपल्याला असा घोडा हवा की जो रटाळ वाटावा इतका एकसुरी चालेल. पाठ फार रुंद नको, तुझ्या लेकाच्या मांड्या तेवढ्या उघडणार नाहीत. एकाने लगाम धरायचा, दोघांनी दोन्ही बाजूंनी पोराच्या मांडीवर हात ठेवून चालायचं. डोक्याला हेल्मेट, मापाचं. आणि ओढणीने किंवा दोरीने त्याला खोगिराला बांधू पाहतील, अगदी प्रेमाने. बांधू देऊ नकोस. घोडा पडला तर पोरगं त्याच्याखाली जाईल. पहाटे उन्हं तापायच्या आत जा, मराठवाड्याचा उन्हाळा घोड्यालाही सोसत नाही. पहिल्या दिवशी लेकाला नुसतं खालूनच घोड्याच्या मानेवर हात फिरवू दे. रडला तर घरी घेऊन ये.

पैशांचं सांगते. घोड्यासाठी रोजची फिजिओथेरपी कमी करशील तर मला कळवूही नकोस. निरामय विमा काढलास का? नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचाही खर्च धरतात. जावईबापूंना फॉर्म भरायला बसव.

एक्स-रे झाला की फिल्म कुरिअरने पाठव. मोबाईलवर फोटो नको, त्यात खुबा नीट दिसत नाही.

तुझी,
मावशी