अवटू-अतिस्रावातील थायमसवृद्धी : निदानातील एक फसगत

जोहे-हमरापूर परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत गणेशोत्सवापूर्वीचे महिने अतिश्रमाचे असतात. समजा, एखादा तरुण कारागीर छातीतील धडधड, हातांचा कंप, अतिस्वेद व भूक चांगली असूनही वाढणारी कृशता घेऊन आला. प्लास्टरच्या धुळीने खोकला आहे म्हणून क्ष-किरण चित्र काढले, तो उरोस्थीमागे रुंद छाया दिसली. कुटुंबीय अर्बुदाच्या भीतीने हवालदिल होतात. अशा वेळी थायमसवृद्धीची शक्यता वैद्याने स्मरावी.

थायमस ही बाल्यावस्थेत मोठी असणारी ग्रंथी वयात आल्यावर आक्रसते व तिची जागा मेद घेतो. ग्रेव्ह्ज व्याधीत मात्र ती पुन्हा वाढू शकते. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी थायमसमध्येही टीएसएच-ग्राहके असल्याचे दाखविले. अवटूला उत्तेजित करणारी प्रतिपिंडे थायमसवरही कार्य करीत असावीत, असे त्यावरून मानले जाते. अवटूचा अतिस्राव आटोक्यात आल्यावर ही वृद्धी बहुधा काही महिन्यांत ओसरते. शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) छातीतील छायेसोबत वरील लक्षणे असल्यास टीएसएच, टी-३ व टी-४ तपासावे.

२) सीटी स्कॅनपूर्वी अवटूविकाराची कल्पना तज्ज्ञांस द्यावी. आयोडीनयुक्त रंगद्रव्याने अतिस्राव वाढू शकतो.

३) गाठ विषम, चुनखडीयुक्त वा शेजारील अवयवांत शिरलेली असेल, किंवा उपचारानंतरही कमी होत नसेल, तर थायमसचे अर्बुद वगळलेच पाहिजे. पापण्या गळणे, दुहेरी दिसणे, सायंकाळी गिळताना वा बोलताना थकवा येणे, या लक्षणांत मायस्थेनियाचा विचार करून रुग्णास त्वरित पाठवावे.

४) कार्बिमाझोल घेणाऱ्यास ज्वर व घसादुखी झाल्यास औषध थांबवून त्याच दिवशी श्वेतपेशींची गणना करावी.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. सुश्रुतांनी गलगंडाचे वात, कफ व मेद असे भेद सांगितले. प्रत्येक गलगंड एकच व्याधी नव्हे. ‘थायरॉइडचे औषध द्या’ एवढ्यावर कांचनार गुग्गुळ वा अश्वगंधा देऊ नये. गुग्गुळाने अवटूची क्रिया वाढल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, तर अश्वगंधेच्या सेवनानंतर अतिस्राव झाल्याचे रुग्णवृत्तांत प्रसिद्ध आहेत. आधी अहवाल पाहावा, मगच बरणी उघडावी.

सारांश, छायेची भीती घालण्यापूर्वी रुग्णाची नाडी, डोळे व गळा पाहावा. मात्र पाठपुरावा कधीही सोडू नये.