समाजासाठी काम करायचंय, पण पगार कोण देणार? गडचिरोलीचा हिशेब

या धड्याचा व्हिडिओ पाहिला नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं सविस्तर दिलंय. वही-पेन मात्र जवळ ठेवा, थोडी बेरीज-वजाबाकी आहे.

आजचा धडा दुकानदारांसाठी नाही. तुम्ही एमएसडब्ल्यू, बीए, बीकॉम किंवा एलएलबी केलंय, जंगलाचे हक्क, मजुरी, आदिवासींवरचा अन्याय हे विषय डोक्यात घोळतात, आणि घरून मात्र एकच प्रश्न येतो: "ते सगळं ठीक आहे बाबू, पण पगार कोण देणार?" तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

घरच्यांवर चिडू नका. धंद्यातला पहिला प्रश्न हाच असतो: गिऱ्हाईक कोण, आणि ते पैसे कशाचे देणार? गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर गडचिरोलीत जितकं स्पष्ट आहे तितकं पुण्या-मुंबईतही नाही. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांचं विद्यापीठ नागपूरहून इथे आलं. पण डिग्री घेतलेली बरीच पोरं अजूनही नागपूरची गाडी पकडतात, आणि इकडे गावोगावच्या ग्रामसभा हिशेब लिहिणारा माणूस शोधत असतात.

आधी मेंढा-लेखाची केस समजून घ्या. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव, गडचिरोलीपासून साधारण 30 किलोमीटर. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही ऐकलीच असेल. गावाचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल ही जोडी यामागची. मोहनभाऊ जयप्रकाशजींच्या आंदोलनातून तयार झालेले, म्हणजे तुमच्यासारखेच विद्यार्थी वयात पेटलेले. पण गावात येऊन त्यांनी भाषणं ठोकली नाहीत. गावात अभ्यास मंडळ चालायचं. विषय घ्यायचा, माहिती काढायची, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभाच घेणार, आणि तोही सर्वसहमतीने. बाहेरचा माणूस मदत करणारा, ठरवणारा नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता गाव बांबू विकायला मोकळं झालं असं आपल्याला वाटेल. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणारं वनखातं म्हणत होतं की बांबू हे गौण वनोपज नाहीच. कायद्याच्या व्याख्येत तर बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं! गाव भांडलं ते त्या एका ओळीवर बोट ठेवून. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं.

आता इथे थांबा आणि विचार करा. हक्क 2009 ला मिळाला, पण परवान्याचं पुस्तक हाती यायला 2011 उजाडलं. मधला काळ कशात गेला? कागदात. आणि त्यानंतरही काम संपत नाही. बँक खातं, पॅन, ठराव, निविदा, मजुरीचं मस्टर, कराची कपात, वर्षअखेरचा ताळेबंद. अन्यायाविरुद्धची लढाई मोर्चात जिंकता येते, पण वहीत कच्चे असाल तर तिथे हरताही येते. माझ्या मते आजच्या पोरांचं खरं करिअर या वहीतच आहे, आणि कॉलेजात नेमकं तेच कोणी शिकवत नाही.

आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. शिवाय पेसा कायदा आहेच. बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः लिलाव करून विकतात. त्याचाच हिशेब मांडू. आपल्याकडे 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक स्टॅण्डर्ड बॅग. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

समजा एका ग्रामसभेने हंगामात 150 बॅग दिल्या आणि मजुरी-रॉयल्टी मिळून बॅगमागे 10,000 रुपये ठरले. झाले 15 लाख. फडावर मोजणीत घोळ झाला, रोजची नोंद झाली नाही, ठेकेदाराची वही वेगळं सांगते आणि गावाची वही कोरी आहे. फक्त 5 टक्के गळती धरा. 75,000 रुपये गेले. ते कोणाचे होते? मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून पानं तोडणाऱ्या बाईचे. करारात शेवटच्या हप्त्याची तारीखच लिहिली नसेल तर नुकसान 5 टक्क्यांवर थांबत नाही, अख्खा हप्ता लटकतो.

आता तुमची बाजू. तुम्ही त्या ग्रामसभेची वही वर्षभर लिहिली, करार तपासला, फडावरच्या मुन्शीला नोंद शिकवली, आणि महिन्याला 1,500 रुपये घेतले. वर्षाचे 18,000. ग्रामसभेचे 75,000 वाचले, त्यातले 18,000 दिले. सौदा चांगला आहे ना? अशा 15 ग्रामसभा जवळजवळच्या असतील तर महिन्याला 22,500. त्यातून पेट्रोल, रिचार्ज, झेरॉक्स मिळून 5,000 वजा करा. राहिले 17,500. फार नाही, खरंय. पण घरी राहून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांसाठी केलेलं काम आहे हे. आणि एकेकट्या गावाला परवडत नसेल तर ग्रामसभा एकत्र येऊ शकतात. कोरचीत तालुक्याची महाग्रामसभा उभी आहेच.

"गरीब गावाकडून पैसे घ्यायचे?" हा प्रश्न मला दरवेळी येतो. माझं उत्तर: हो, घ्या. ठराव करून, पावती देऊन, चेकने घ्या. फुकट काम करणाऱ्याला गाव जाब विचारू शकत नाही, आणि दोन वर्षांत लग्न झालं की तो काम सोडून जातो. पगार घेणाऱ्याला ग्रामसभा काढूनही टाकू शकते. तो अधिकार गावाकडे असायलाच हवा. फक्त एक नियम दगडावर कोरून ठेवा: ठेकेदाराकडून चहासुद्धा नको. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस दलाल होतो, मग त्याच्या टी-शर्टवर काहीही लिहिलेलं असो.

हा एकच रस्ता आहे असं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. नवजात बाळाची काळजी गावातलीच प्रशिक्षित बाई घरी जाऊन घेऊ शकते, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथेही बघा, तळमळीला वजन आलं ते मोजणीमुळे. त्यांचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम 2006 पासून चालतो. शिकत असाल तर त्याची माहिती जरूर काढा. कायद्याकडे ओढा असेल तर भामरागडचे अ‍ॅड. लालसू नोगोटी बघा. हेमलकशाच्या आश्रमशाळेतून शिकलेले, माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे, 2017 मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले. माडिया बोलणारा वकील ही किती मोठी सोय आहे, ते कोर्टाच्या पायरीवर उभं राहिलेल्या माणसालाच कळतं.

म्हणून गोंडी किंवा माडिया येत असेल तर ती बायोडेटात सगळ्यात वर लिहा, इंग्रजीच्याही वर. येत नसेल तर शिका. ग्रामसभेत खरी चर्चा त्या भाषेत होते, मराठीत फक्त ठराव लिहिला जातो. टॅली, जीएसटीची तोंडओळख आणि एक्सेल तीन महिन्यांत येतं.

या आठवड्याचं काम: आपल्या गावच्या किंवा शेजारच्या एका ग्रामसभेत जा. आधी अध्यक्षांना भेटा, परवानगी मागा, आणि बैठकीत गुपचूप मागे बसा. परवानगी मिळाली तर तीन कागद बघा: ठराव वही, बँकेचं पासबुक आणि मागच्या हंगामाचा ठेकेदाराशी झालेला करारनामा. करारात ठरलेले हप्ते आणि पासबुकातली जमा या दोन गोष्टी तारखेसह समोरासमोर लिहा. फरक सापडला तर बाहेर बोंबलू नका, आधी कोषाध्यक्षांना दाखवा. पुढच्या धड्यात याच तक्त्यावरून ग्रामसभेला द्यायचं एका पानाचं दरपत्रक बनवू, तेव्हा तो तक्ता सोबत असू द्या.