काडेपेटीतल्या अर्ध्या गोळ्या

दसरा झाला की आमच्या दवाखान्यात वेगळीच गर्दी सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी कधी लागणार ते ठरलेलं असतं, आणि धारूर, वडवणी, केजकडची माणसं ऊसतोडीला निघण्याआधी दुखणीखुपणी उरकून घ्यायला येतात. "सहा महिन्यांचं औषध एकदाच लिहून द्या, तिकडं कुठं डॉक्टर हुडकायचा?" असं म्हणणाऱ्यांत दरवर्षी फिटचे चार-सहा पेशंट असतातच. आजचा मजकूर त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि मुकादमांसाठीही आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका टोळीतला १९ वर्षांचा मुलगा कारखान्यावर झोपेतच गेला. पहाटे फडावर निघताना आईनं हाक मारली, तर तो कोपीत पालथा पडलेला. हलवायला हात लावला तेव्हा अंग गार. कुणी म्हणालं साप चावला असेल, कुणी म्हणालं बाहेरचं झालं. महिन्याभरानं बाप त्याच्या सामानाची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत एक काडेपेटी होती. आत ब्लेडनं कापून अर्ध्या केलेल्या सात गोळ्या. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या म्हणून पोरगा रोज अर्धीच खात होता.

त्याला मी दोन वर्षं फिटसाठी तपासत होतो. गोळी चुकवू नकोस, हे दर वेळी सांगितलं होतं. चुकवली तर काय होऊ शकतं, हे एकदाही सांगितलं नव्हतं. घाबरेल, असं वाटलं. ते न सांगणं ही माझी चूक होती, म्हणून आता प्रत्येकाला सांगतो.

अपस्मार म्हणजे मिरगी असलेलं, एरवी धडधाकट माणूस अचानक दगावतं. ना बुडून, ना भाजून, ना पडून. शवविच्छेदनातही दुसरं कारण सापडत नाही. अशा मृत्यूला डॉक्टर 'सुडेप' म्हणतात. तो बहुतेक वेळा रात्री, झोपेत आणि जवळ कुणी नसताना होतो, आणि तरुण वयातल्यांना जास्त गाठतो.

मोठ्या माणसांत त्याचं प्रमाण फिटच्या हजार पेशंटमागे वर्षाला साधारण एक आहे. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव जणांना त्या वर्षी हे होत नाही, हे आधी नीट ऐका. पण आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जवळपास २५ लाख ८५ हजार होती. हजारी पाच जणांना अपस्मार असतो असं ढोबळ धरलं, तर बीड जिल्ह्यात बारा-तेरा हजार पेशंट झाले. म्हणजे वर्षाला डझनभर घरांत असं होत असावं. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, कुणी केलेली मोजणी नव्हे. या घरांतल्या बहुतेकांना आपलं माणूस कशानं गेलं हे कळतही नसणार. साप, बाहेरचं, करणी असंच काहीतरी नाव त्याला मिळत असणार.

झोपेत नेमकं काय होतं, याचा मोठा पुरावा २०१३ साली पुढे आला. अनेक देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत फिटच्या पेशंटना तारा लावून रात्रंदिवस नजरेखाली ठेवतात. तिथे झालेले असे १६ मृत्यू संशोधकांनी एकत्र करून तपासले. १४ मृत्यू रात्रीचे होते. ज्यांची पूर्ण नोंद मिळाली, त्या सगळ्यांत क्रम सारखाच होता. आधी मोठी फिट येऊन गेली, मग काही मिनिटांत श्वास बिघडला आणि थांबला, त्यानंतर हृदय थांबलं. मोठी फिट म्हणजे शुद्ध हरपून अंग ताठ होतं, हातपाय झटके देतात, जीभ चावली जाते, ती. तिच्यानंतर मेंदू काही काळ इतका थकतो की श्वास घ्यायची आज्ञा देणंही त्याला जड जातं. त्यात तोंड उशीत किंवा गोधडीत रुतलेलं असलं तर सगळंच बिघडतं. सुडेपमध्ये सापडलेल्या दर चार जणांत सुमारे तीन जण पालथे असतात. २०१३ च्या त्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. मरणाच्या दारातून जे परत आले, त्यांच्याजवळ तीन मिनिटांच्या आत कुणीतरी पोचलं होतं आणि छाती दाबायला लागलं होतं.

यातून दोन कामं निघतात. मोठी फिट येऊ द्यायची नाही, आणि आलीच तर माणूस एकटं नसावं.

पहिलं काम गोळीचं. ज्यांना वर्षात तीनपेक्षा जास्त मोठ्या फिट येतात त्यांचा धोका सुमारे पंधरा पट वाढतो, आणि फिट पूर्ण थांबल्या की तो खूपच खाली येतो. "महिन्यातून एखादीच येते, चालतंय" हे वाक्य मी रोज ऐकतो. वाचकहो, ते चालत नाही. महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा. योग्य औषधानं दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. अर्धी गोळी म्हणजे अर्धा इलाज नसतो. रक्तातलं औषध एका पातळीच्या खाली गेलं की मेंदू उघडा पडतो, आणि चालू गोळी एकदम तुटली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. पैशाची ओढाताण असेल तर गोळी कापण्याआधी तसं मला सांगा. लाजू नका. फिटच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. निघताना कमीत कमी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो एवढं सोबत घ्या. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडच्या दुकानात गोळीचं नाव सांगता आलं नाही, तरी फोटो दाखवता येतो. दुकानदारानं वेगळ्या कंपनीची पट्टी दिली, तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे का, हे फोन करून विचारा.

दोन योग्य गोळ्या पुऱ्या मात्रेत देऊनही फिट येतच असतील, तर वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालवू नका. न्यूरोलॉजिस्टकडे जा. मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणी अशा काही पेशंटवर मेंदूची शस्त्रक्रियाही होते. आणखी एक राहून जाणारी गोष्ट म्हणजे ईसीजी. पळताना किंवा दचकून जे पोर एकाएकी कोसळतं आणि मिनिटभरात सावध होतं, त्याला फिट नसून हृदयाच्या ठोक्यांचा आजार असू शकतो. एक साधा ईसीजी काढून घ्या.

दुसरं काम रात्रीचं. २०२० साली स्वीडनमधून एक अभ्यास आला. ज्यांना मोठ्या फिट येत नाहीत आणि ज्यांच्या खोलीत कुणी झोपतं, त्यांच्या तुलनेत मोठ्या फिट येणाऱ्या आणि खोलीत एकट्या झोपणाऱ्या माणसाचा धोका ६७ पट निघाला. या बाबतीत कोपीतलं दाटीवाटीचं झोपणं बंगल्यातल्या वेगळ्या खोलीपेक्षा बरं. अडचण येते ती पोरगं मोठं झाल्यावर. ते बाहेर, बैलगाडीखाली किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकटं झोपायला जातं. त्याला जवळ झोपवा. फिटच्या घरघरीनं किंवा हातपाय आपटण्यानं जागं होईल असं कुणीतरी हाताच्या अंतरावर असू द्या.

फिट आली तर डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, चूल, विळा, कोयता दूर करा. कांदा नको, चप्पल हुंगवणं नको, हातात किल्ली नको, दातांत चमचा तर मुळीच नको. झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा, तोंड मोकळं करा. खरं काम इथून पुढे आहे, आणि नेमकी इथेच माणसं "थांबली बाबा" म्हणून झोपी जातात. पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसा. छाती वरखाली होते आहे का, ते बघत राहा. हाक मारा, अंग चोळा. श्वास थांबला असेल तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तरीही १०८.

ज्या घरांत मुलीचं लग्न ठरलं आहे, त्यांना मला कळवळून सांगायचं आहे. सासरी कळू नये म्हणून मुलीच्या गोळ्या हळदीच्या दिवशी बंद होतात, नाहीतर ती त्या धान्याच्या डब्यात लपवून चोरून घेते. जागरण, दगदग आणि गोळी बंद, तिन्ही एकाच आठवड्यात. अपस्मार आहे म्हणून लग्न रद्द ठरवता येईल, ही तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकली आहे. सांगून लग्न करा. निदान नवऱ्याला तरी माहीत हवं, कारण रात्री शेजारी तोच असणार आहे. मूल होऊ द्यायचं असेल तर आधी गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भाला घातक ठरू शकते, ती आधीच बदलता येते. पण आपल्या मनानं ती बंद करू नका.

आणि मागे राहणारी पोरं. आईबाप फडावर, पोरगं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. त्याची गोळी कोण देतं? बऱ्याचदा कुणीच नाही. आजीला पट्टी वाचता येत नाही, तर सकाळच्या गोळ्यांवर सूर्य आणि रात्रीच्या गोळ्यांवर चंद्र काढून द्या. वसतिगृहातल्या सरांना पोरासमोर सगळं सांगा, त्याची खाट दुसऱ्या मुलाच्या खाटेला लागून ठेवायला सांगा.

मुकादमदादा, तुमच्या टोळीत असं कुणी असेल तर त्याला रात्री-बेरात्री गाडी भरायला उठवू नका. झोपमोड झाली की फिट येते. त्याला भरलेल्या गाडीवर चढवू नका, विहिरीवर एकट्याला पाठवू नका. गोळ्या संपत आल्या तर तालुक्याला जायला अर्धा दिवस सुट्टी द्या आणि त्याचा खाडा धरू नका.

परवा एक बाई मुलाला घेऊन आली होती. मी वरचं सगळं सांगितलं, सुडेपचंसुद्धा. ती रडली नाही. "मग रात्री ह्याच्याजवळ कोण?" एवढंच तिनं विचारलं. बाहेर बाकावर चुलतभाऊ बसला होता, त्याला आत बोलावलं. जमिनीवर सतरंजी टाकून दोघांना झोपवलं आणि कुशीवर कसं वळवायचं ते त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. पहिल्यांदा त्याला हसू आलं. तिसऱ्या वेळी तो हसला नाही, त्यानं भावाच्या नाकाशी हात धरून श्वास पाहिला.