एक्सेलमध्ये बेरीज चुकते का? आकडा आणि अक्षर यातला फरक समजून घ्या

व्हिडिओत दाखवलेलं उदाहरण इथे नीट लिहून देतोय. शीट समोर उघडून सोबत करत चला.

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. आज चार ऑर्डर आल्या. रकमेच्या कॉलममध्ये तुम्ही लिहिलंत: १२००, ८५०, ६४०/- आणि ५०० रु. खाली सम फॉर्म्युला लावला. उत्तर आलं २०५०. खरी बेरीज आहे ३१९०!

कच्च्या मालाचा खर्च २३०० असेल, तर शीट म्हणेल २५० रुपये तोटा. प्रत्यक्षात ८९० रुपये उरलेत. अशा हिशोबावर भाव वाढवलात तर गिऱ्हाईक जाईल.

असं का झालं? "/-" किंवा "रु." जोडलं की एक्सेलसाठी तो आकडा राहत नाही, ती नुसती अक्षरं होतात. सम फॉर्म्युला अशी अक्षरं गुपचूप सोडून देतो, एररही दाखवत नाही. खरा धोका इथेच आहे.

चूक कशी पकडायची?
काउंट फक्त आकडे मोजतो, काउंटए भरलेले सगळे सेल मोजतो. आपल्या उदाहरणात काउंट २ देईल आणि काउंटए ४. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर गडबड आहे समजा.

दुरुस्ती कशी करायची?
१. आधी शीटची कॉपी ठेवा.
२. फक्त रकमेचा कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल-एच दाबा. "फाइंड"मध्ये "/-" लिहा, "रिप्लेस" रिकामं ठेवा. मग "रु." साठी तेच करा, त्याच्या आधीच्या स्पेससकट. नुसता टिंब कधीही काढू नका, नाहीतर ९९.५० सारखी रक्कमच बदलून जाईल.
३. तरीही बेरीज जुळत नसेल, तर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आहे का बघा. सेल निवडून शेजारच्या पिवळ्या चिन्हातून "कन्व्हर्ट टू नंबर" निवडा.

सगळंच आकड्यात बदलू नका!
मोबाईल नंबर, बँक खातं, यांची आपण बेरीज करत नाही. ते टेक्स्टच ठेवा. आकडा केला तर सुरुवातीचं शून्य उडतं, आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य होतात.

पुढे चूक होऊच नये म्हणून
"रुपये" हा शब्द कॉलमच्या मथळ्यात लिहा, सेलमध्ये नाही. रक्कम इंग्रजी अंकांतच टाईप करा. इथे लेख मराठीत म्हणून देवनागरी अंक दिलेत. "डेटा व्हॅलिडेशन"मध्ये "डेसिमल" निवडा, म्हणजे टाईप करताना अक्षरं अडतील. पेस्ट केलेल्या मजकुराला मात्र ते अडवत नाही, म्हणून काउंटची तपासणी सोडू नका.

आजचा होमवर्क: मागच्या महिन्याची विक्रीची शीट उघडा आणि काउंट, काउंटए लावून बघा. कदाचित तुमचा हरवलेला नफा तिथेच सापडेल!