वेदनाशामक गोळी काय थांबवते, काय नाही

पाड्यावर भेटीला जाताना आपण पिशवीत वेदनाशामक गोळ्या ठेवतो. लावणीच्या दिवसांत त्यांना मागणीही फार. म्हणून ही गोळी शरीरात नेमके काय करते, हे आपण समजून घेऊ.

तापल्या तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. ‘भाजले’ हे जाणवण्याआधीच तो येतो, कारण हुकूम मेंदूतून नव्हे, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून सुटतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय.

मार लागला किंवा सांधा सुजला की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व वेदनेचे मज्जातंतू हळवे करतात. मज्जारज्जूतही ती तयार होऊन वेदनेचा निरोप वाढवतात. मग नुसत्या स्पर्शाने कळ येते, पाय टेकताच उचलला जातो. दुखऱ्या भागाला विश्रांती मिळावी, अशी ही योजना आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचे काम अडवतात. ॲस्पिरिनबाबत हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते एक मानकरी होते. गोळीने वाढलेला हळवेपणा उतरतो, पण मूळ राखण कायम राहते. गोळी घेऊनही तव्यावरून हात मागे येतोच.

ही राखण गेली तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की, रुग्णांच्या हातापायांची बरीचशी हानी संवेदना गेल्यामुळे, नकळत झालेल्या इजांतून होते. दुखणे हा पहारेकरी आहे.

गोळीने कळ कमी झाली तरी इजा तशीच असते. त्याच गुडघ्यावर दिवसभर चिखलात राबले तर दुखणे वाढते. शिवाय प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचे व मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचे रक्षणही करतात. म्हणून गोळी देण्यापूर्वी एवढे विचारा:

१. काही खाल्ले आहे का? पाणी पुरेसे प्यायले आहे का?
२. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे का?
३. बाई गरोदर आहे का?
४. ताप आहे का? डेंग्यूची शंका असल्यास या गोळ्या देऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढतो.
५. किती दिवस गोळ्या चालू आहेत?

एकाही उत्तराने शंका आली, तर गोळी पिशवीतच राहू द्या आणि माणसाला आरोग्य केंद्रात घेऊन जा.